पहिल्याच तासाला गेम नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की ‘आठ दिवसांत तुमचे मूल स्वतःचा गेम बनवेल’ अशा जाहिराती चौकाचौकांत लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायला सांगितले, तेव्हापासून शाळांनाही घाई झाली आहे. बहुतेक ठिकाणी श्रीगणेशा ‘स्क्रॅच’ने होतो, म्हणजे सूचनांचे रंगीत ठोकळे (ब्लॉक) जोडून संगणकाचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) तयार करायच्या साधनाने. ही निवड चांगलीच आहे. आमचा आक्षेप आहे तो पहिला तास कसा घेतात याला.

त्या तासाला फळ्याशेजारच्या मोठ्या पडद्यावर तयार गेम दाखवला जातो. शिक्षक एकेक ब्लॉक ओढतात, मुले बघून तसाच ओढतात. तास संपता संपता सगळ्यांच्या पडद्यावर मांजर उंदरामागे धावू लागते, फोटो निघतात, पालकांच्या गटावर जातात. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला ‘उंदीर पकडला की मांजर पुन्हा मधोमध आण’ एवढे सांगा, हात थांबतो. कारण काल त्याने फक्त रंग आणि जागा बघून ठोकळे जुळवले होते. कोणता ब्लॉक काय करतो याचा अंदाज त्याला एकदाही बांधावा लागला नव्हता.

ज्या पालकांनी स्क्रॅच पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते तयार केले. २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि आजची ३.० ही आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली. पैसे पडत नाहीत, खातेही काढावे लागत नाही. डावीकडे रंगीत ब्लॉकची यादी, मध्ये ते जोडायची जागा, उजवीकडे स्टेज आणि स्टेजवर एक मांजर. ब्लॉकला खाचा असतात; जे जोडणे शक्य नाही ते बसतच नाही. टाइप करून लिहायच्या भाषेत एखादा कंस राहिला की पडद्यावर लाल अक्षरे येतात आणि नवखा बिचकतो. इथे ती भीती नाही.

पण इथेच गोम आहे. स्क्रॅच चूक झाली असे जवळजवळ कधीच सांगत नाही. आकड्याच्या जागी शब्द आला तर तो मुकाट्याने शून्य धरतो. चुकीच्या जागी लावलेला ब्लॉक निमूटपणे चालतो आणि भलतेच काहीतरी घडते, किंवा काहीच घडत नाही. म्हणजे व्याकरणाच्या चुका गेल्या, विचारातल्या तेवढ्या उरल्या. आणि त्या शोधायच्या कशा हे पहिल्या दिवसापासून शिकवावे लागते.

म्हणून पहिल्या दिवशी आठ ब्लॉक पुरे: हिरवा झेंडा दाबल्यावर, मूव्ह (चाल), टर्न (वळ), वेट (थांब), रिपीट (इतक्या वेळा कर), फॉरएव्हर (सतत करत राहा), ‘गो टू एक्स-वाय’ (आडव्या-उभ्या आकड्यांनी सांगितलेल्या जागी जा) आणि ‘से’ (बोल). नियम एकच. झेंडा दाबण्याआधी काय होणार ते वहीत लिहायचे, मग दाबायचे.

सुरुवात दोन ब्लॉकने करावी. झेंडा, त्याखाली ‘मूव्ह १० स्टेप्स’. बहुतेक मुले लिहितात, ‘मांजर चालेल’. झेंडा दाबल्यावर अर्धा वर्ग म्हणतो, हललेच नाही! हललेले असते, पण स्टेज ४८० पावले रुंद आणि ३६० उंच. त्यात १० म्हणजे जेमतेम एक झटका. आता दहा पावलांचे १०० करू द्यावे. मांजर चालत नाही, एकदम तिथे उगवते. पुन्हा झेंडा दाबला की ते मूळ जागी न येता आणखी पुढे जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी उजव्या कडेला जाऊन शेपटीचा तुकडा तेवढा दिसत राहतो. स्क्रॅच पात्राला स्टेजबाहेर पुरते जाऊ देत नाही. मांजर परत का आले नाही, हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की तास सार्थकी लागला म्हणायचे. झेंडा म्हणजे ‘पहिल्यापासून’ नव्हे. झेंडा म्हणजे ‘आहे तिथून’. जागा, दिशा, आकार, लपलेले असणे, गुणांचा आकडा, सगळे मागच्या खेपेला जिथे सोडले तिथेच असते. सुरुवातीची स्थिती आपण सांगायची: एक्स ०, वाय ० ला (मधोमध) जा, दिशा ९० (उजवीकडे) कर. तयार गेम उतरवून घेताना हे दोन ब्लॉक शिक्षकांनी आधीच लावलेले असतात, त्यामुळे ते कशासाठी होते हे मुलाला कळत नाही. मग पुढच्या गेमला गुण मागच्या डावातल्या ४७ वरूनच सुरू होतात.

यानंतर एक छोटा प्रयोग जरूर करावा. ‘मूव्ह १० स्टेप्स’चे दहा ब्लॉक एकाखाली एक जोडायचे आणि चालवायचे. मग ते काढून ‘रिपीट १०’च्या पोटात एकच ‘मूव्ह १०’ ठेवायचा. हिशोब दोन्हीकडे १०० चाच, पण पहिल्यात मांजर एका झटक्यात पोहोचते आणि दुसऱ्यात सरकत जाताना दिसते. स्क्रॅच सेकंदाला सुमारे ३० वेळा चित्र नव्याने काढतो. लूपच्या (रिपीट, फॉरएव्हर अशा पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ब्लॉकच्या) प्रत्येक फेरीनंतर तो चित्र काढायला थांबतो, पण सरळ रांगेतले दहा ब्लॉक एकाच चित्राच्या आत उरकतात. त्यामुळे दहा फेऱ्यांना सेकंदाचा एक-तृतीयांश भाग लागतो, आणि तेवढ्यात आपल्या डोळ्यांना हालचाल दिसते. याच कारणाने मांजराचे दोन पोशाख (पाय वेगवेगळे असलेली त्याची दोन चित्रे) नुसते लूपमध्ये बदलत ठेवले तर पाय थरथरल्यासारखे दिसतात; ०.१ ते ०.२ सेकंदाचा ‘वेट’ घातला की चाल येते. सेकंदाला ३० हा आकडा मुलांच्या डोक्यात पक्का बसला पाहिजे. पुढच्या निम्म्या घोळांचे उत्तर त्यातच असते.

गुणांचेच बघा. सफरचंद पकडले की एक गुण, असा खेळ प्रत्येक मुलाला करायचा असतो. तो ‘फॉरएव्हर’मध्ये लिहितो: सफरचंदाला स्पर्श झाला तर गुण १ ने वाढव. चालवतो, आणि एका सफरचंदाला १५-२० गुण पडतात! शिक्षक गडबडीत म्हणतात, संगणक अडकला. संगणक चोख काम करत असतो. मांजर सफरचंदावरून सरकताना अर्धा सेकंद गेला तर तेवढ्यात पंधरा वेळा तपासणी होते आणि पंधराही वेळा उत्तर ‘हो’ येते. गुण वाढवल्याबरोबर सफरचंद दुसरीकडे उडवले, किंवा स्पर्श सुटेपर्यंत थांब असे सांगितले, की आकडा जागेवर येतो. याच्या उलट घोळ ‘सेट’ आणि ‘चेंज’चा. ‘गुण १ ने बदल’ऐवजी ‘गुण १ कर’ हा ब्लॉक लागला तर कितीही सफरचंदे खा, गुण एकच. यादीत दोन्ही ब्लॉक एकाखाली एक आणि एकाच रंगाचे असतात, त्यामुळे हे हटकून घडते.

तिसरी नेहमीची चूक. मुलाने लिहिले: झेंडा दाबल्यावर, जर उजवा बाण दाबलेला असेल तर १० पावले चाल. झेंडा दाबतो, मग बाण दाबतो, मांजर ढिम्म. कारण ‘जर’ची तपासणी झेंडा दाबला त्याच क्षणी एकदा झाली, तेव्हा बाणावर बोट नव्हते, कार्यक्रम तिथेच संपला. त्याला ‘फॉरएव्हर’च्या पोटात घालायला हवे. मुलाला हे उत्तर आयते देऊ नये. बाण आधी दाबून धर आणि मग झेंड्यावर क्लिक कर, एवढेच सांगावे. मांजर एकदा हलते. पुढचे तो स्वतः शोधतो. काही शिक्षक यावर उपाय म्हणून ‘बाण दाबला की’ हा पिवळा ब्लॉक देतात. चालतो, पण कळ दाबून धरल्यावर एक पाऊल, क्षणभर खोळंबा आणि मग सलग चाल, असे धक्के बसतात. कळफलकावर एखादे अक्षर दाबून धरले की असेच होते. सफाई हवी असेल तर ‘फॉरएव्हर’मधली तपासणीच बरी.

उलटे मांजर हा तर प्रत्येक वर्गातला हशा पिकवणारा प्रसंग. ‘कडेला लागल्यास माघारी फीर’ हा ब्लॉक लावला की मांजर भिंतीला आपटून डोक्यावर चालत परत येते. दिशा ९० वरून उणे ९० झाली, आणि चित्र दिशेबरोबर पुरते फिरले, म्हणून. फिरण्याची पद्धत ‘डावे-उजवे’ केली की ते सरळ होते. तयार नमुन्यात हाही ब्लॉक आधीच असतो. हशा जातो, दिशा म्हणजे काय तेही जाते.

गणिताच्या शिक्षकांनी इथे लक्ष घालावे अशी विनंती आहे. चौरस काढा: चार वेळा, १०० पावले चाल, ९० अंश वळ. झेंडा दाबल्यावर काहीच झाले नाही असे वाटते, कारण चार फेऱ्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतात आणि मांजर निघाले तिथेच परत येऊन उभे राहते. अर्ध्या सेकंदाचा ‘वेट’ घाला, किंवा डावीकडे खाली असलेल्या बटणातून पेनचे ब्लॉक आणा, म्हणजे रेघ दिसेल. मग त्रिकोण सांगा. सातवीचे मूल हमखास ६० घालते, समभुज त्रिकोणाचा कोन ६० चा असतो हे पाठ असल्यामुळे. पडद्यावर तोंड उघडे राहिलेला अर्धा षटकोन येतो. मांजर वळते तो कोन आकृतीच्या आतला नसतो, बाहेरचा असतो: १८० वजा ६०, म्हणजे १२०. बंद आकृती काढून मांजर मूळ दिशेला आले तर त्याची एक पूर्ण गिरकी झालेली असते, म्हणून ३६० ला बाजूंनी भागा: पंचकोनाला ७२, षटकोनाला ६०. पाच टोकांच्या चांदणीला १४४, कारण तिथे दोन गिरक्या होतात. बाह्यकोन फळ्यावर शिकवताना जो घाम गाळावा लागतो तो इथे लागत नाही. ही कल्पना स्क्रॅचहून जुनी आहे; मुलांसाठीच्या लोगो या १९६७ च्या प्रोग्रॅमिंग भाषेपासून ती चालत आली आहे.

एक्स आणि वायचेही तसेच. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात निर्देशक भूमिती नववीत भेटते, पण पाचवीतली मुले मांजर हाताने ओढून खालचे आकडे बदलताना बघतात आणि डावीकडे उणे का होते ते चटकन पकडतात. आडवे उणे २४० ते २४०, उभे उणे १८० ते १८०. पार्श्वचित्रांच्या यादीत ‘एक्सवाय ग्रिड’ नावाचे आलेखाचे चित्र आहे, पहिले काही दिवस तेच लावून ठेवावे. समुद्रकिनारा आणि अंतराळ नंतर.

याच ठिकाणी एक गोंधळ हमखास होतो. मूल पार्श्वचित्राच्या पट्टीवर क्लिक करते, आणि मग ‘सर, निळे ब्लॉक गेले’ अशी हाक येते. गेलेले नसतात. मांजराऐवजी स्टेज निवडले गेले. स्टेज हलत नाही, म्हणून त्याला चालण्याचे ब्लॉकच नाहीत. मांजराच्या चित्रावर पुन्हा क्लिक केले की झाले. दोन पात्रे असतील तर ब्लॉक भलत्याच पात्राला जोडले जाण्याचा प्रकार याहून जास्त. मांजराचा कार्यक्रम उंदराला दिला जातो आणि मूल मांजराकडे बघत बसते.

चूक शोधायला स्क्रॅचमध्ये तीन सोयी आहेत आणि तिन्ही पहिल्या आठवड्यात दाखवायला हव्यात. चालू असलेल्या ब्लॉकच्या रांगेभोवती पिवळी कडा उजळते. कडा दिसली नाही तर तो भाग चाललेलाच नाही. व्हेरिएबलच्या (गुणांसारखा बदलता आकडा साठवणाऱ्या कप्प्याच्या) नावापुढच्या चौकोनात खूण केली की त्याचा आकडा स्टेजवर सतत दिसतो. आणि गोल कडांच्या कुठल्याही ब्लॉकवर नुसते क्लिक केले की त्या क्षणीची किंमत फुग्यात येते. शिक्षकाने माउस स्वतःच्या हातात घेऊन दुरुस्ती करून देण्यापेक्षा ‘पिवळी कडा दिसते का?’ एवढे विचारावे. शिबिरांत एका शिक्षकामागे तीस-चाळीस मुले असतात तिथे तर दुसरा इलाजही नाही.

मराठी माध्यमाच्या शाळांसाठी खास सांगायचे म्हणजे ‘से’ ब्लॉकमध्ये देवनागरी मजकूर चालतो, व्हेरिएबलला ‘गुण’ किंवा ‘वेळ’ असे नाव देता येते, स्वतःच्या ब्लॉकला ‘चौरस काढ’ म्हणता येते. मुलांनी हे जरूर करावे. बघता बघता कार्यक्रम मराठीत वाचता येतो. आकडे मात्र इंग्रजीच टाइप करावे लागतात. संगणकावर मराठी कळफलक चालू राहिला आणि प्रश्नाचे उत्तर मुलाने देवनागरी ५ असे दिले, तर कार्यक्रमातल्या इंग्रजी ५ शी ते जुळत नाही. उत्तर बरोबर असून पडद्यावर ‘चूक’ येते आणि मूल रडकुंडीला येते. ‘पुणे’नंतर चुकून एक मोकळी जागा पडली तरी तेच.

प्रयोगशाळेच्या तयारीबद्दल दोन गोष्टी. इंटरनेटच्या भरवशावर राहू नये. स्क्रॅचचे ॲप आधी एका संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने सगळीकडे बसवावे. विंडोज ७ च्या जुन्या संगणकांवर नवे ॲप बसत नाही, तिथे १.४ ही जुनी आवृत्ती चालते, पण नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुनीत उघडत नाही, त्यामुळे एका वर्गात एकच आवृत्ती ठेवावी. ब्राउझरमध्ये खाते न काढता काम केले आणि फाइल मेनूतून संगणकावर साठवले नाही, तर खिडकी बंद होताच सगळे जाते. मोबाइलवर शिकवण्याचा हट्ट धरू नये, पडदा पुरत नाही. टॅबलेट चालतो, पण त्याला कळफलक नसेल तर बाणांच्या कळांचे खेळ करता येत नाहीत. एका संगणकावर दोघे बसले तर उत्तमच, फक्त दर दहा मिनिटांनी माउस बदलावा, नाहीतर एकजण करतो आणि दुसरा जांभया देतो. आवाजाचे ब्लॉक पहिल्या दिवशी मुळीच नकोत. वीस संगणक एकदम म्याव करू लागले की शेजारचा वर्ग बंद पडतो. त्यातून कोणी ‘स्टार्ट साउंड’ फॉरएव्हरमध्ये टाकला तर आवाज क्षणोक्षणी नव्याने सुरू होऊन नुसती घरघर ऐकू येते. तिथे आवाज संपेपर्यंत थांबणारा ‘प्ले साउंड अनटिल डन’ लागतो.

पाच ते सात वर्षांच्या मुलांना यातले काहीच लावू नये. त्यांच्यासाठी २०१४ पासून ‘स्क्रॅच ज्युनिअर’ वेगळे आहे. त्याच्या ब्लॉकवर अक्षरांऐवजी चित्रे असतात, वाचता यावे लागत नाही. पहिलीतल्या मुलाला थेट मोठे स्क्रॅच देऊन ‘बालप्रोग्रॅमर’ची प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांना पालकांनी एकच विचारावे: मुलाने केलेल्या कार्यक्रमातला एक ब्लॉक आम्ही काढून टाकला तर काय होईल, हे ते सांगू शकेल का?

‘असे शिकवले तर मुले कंटाळतील, गेम नसेल तर येणारच नाहीत’, असे शिबिरवाले म्हणतात. गेम असावाच, दुसऱ्या आठवड्यात असावा. तोवर मुलाला सुरुवातीची जागा का द्यायची, तपासणी सतत का करायची आणि गुण एकदम का वाढतात हे स्वतःच्या चुकांतून माहीत झालेले असते. मग तो गेम त्याचा असतो, आणि मोडला तरी त्याचा त्याला दुरुस्त करता येतो.

आपल्याकडे एक मागणी आहे. बालपुरवणीत शब्दकोडे आणि चित्रातले फरक छापता, तशी दर आठवड्याला चार-पाच ब्लॉकची एक रांग छापावी आणि ‘शेवटी काय होईल?’ एवढेच विचारावे. नमुन्यादाखल: मांजर एक्स ० वर ठेवा. पुढचे सहा वेळा करा: एक्स ३० ने वाढवा, तो १०० पेक्षा जास्त झाला तर पुन्हा ० करा. शेवटी एक्स किती? घाईने १८० म्हणणारे बरेच निघतील, त्यांत मोठी माणसेही असतील. हे सोडवायला वही-पेन्सिल पुरते, घरात संगणक लागत नाही. उत्तर त्याच पानाच्या तळाशी उलटे छापावे.

आपले,
शाळांत व सुट्टीच्या शिबिरांत संगणक शिकवणारे काही शिक्षक